पिवळ्या खुणेचा शनिवार

दादा, तुझ्या गॅरेजचं शटर अर्ध्यावर येऊन अडकतं, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. वहिनीनेही नाही. चावी हातात ठेवताना ती फक्त म्हणाली, "बघा तुम्हाला जमलं तर." मी दोन्ही हातांनी ढकललं, मग खांदा लावला. शेवटी समोरच्या किराणा दुकानातले काका आले, त्यांनी डाव्या बाजूला एक लाथ घातली आणि ते खडखडत वर गेलं. "विलासभाऊ रोज अशीच घालायचे," ते म्हणाले. तुला जाऊन महिना उलटला आणि तुझ्याबद्दलच्या अशा बारीकसारीक गोष्टी मला आता परक्या माणसांकडून कळतायत.

आज महिन्याचा पहिला शनिवार. तुझ्या तीन पायांच्या स्टुलावर बसले आहे. समोर तुझी छोटी हातोडी आणि टॉर्च आहे, शेजारी मी अंबरनाथच्या कारखान्यातून मागून आणलेले तपासणीच्या फवाऱ्याचे दोन डबे. साडेनऊ वाजले. तुझी माणसं साडेआठपासून यायला लागायची म्हणे. अजून कोणी आलेलं नाही. आणि आज कोणी आलं नाही, तर ते माझ्यामुळे. हे तुलाच सांगायला हवं, कारण हे भांडण आपल्या दोघांचं होतं. तिसरं कोणी त्यात कधी नव्हतं, आणि मधेच उठून गेलास तू.

भांडण तसं साधं. तू बदलापूरच्या कात्रपचा गॅरेजवाला, जुनं चालतं ठेवणारा. मी तुझी धाकटी बहीण, पंपांचे सुटे भाग तपासून त्यातले वाईट बाजूला काढणारी. गाडीचा दरवाजा, आरसा, बंपर तू जुना बसवलास तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ज्यावर माणसांचे जीव असतात, ब्रेक, स्टिअरिंग, चाक धरून ठेवणारे भाग, ते उल्हासनगरच्या भंगारातून आणायचे नाहीत, असं मी म्हणायचे. तू म्हणायचास, "नवीन मिळत असेल आणि माणसाला झेपत असेल, तर मी जुनं कशाला बसवीन? मला काय हौस आहे?" मी म्हणायचे, लोखंड थकतं, त्याला आत चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाही. तू म्हणायचास, "दिसत नाही, पण ऐकू येते. तुला येत नाही, त्याला मी काय करू?" आणि मग वहिनी जेवायला वाढायची, कारण याच्या पुढे आवाज चढायचे हे तिला ठाऊक होतं.

एकदा हट्टाने तुझ्याबरोबर उल्हासनगरला आले होते, आठवतं? ती पाच नंबरची गल्ली. दोन्ही बाजूंना गाड्यांची आतडी काढून ठेवल्यासारखे ढीग, आणि भंगारवाले किशनसेठ खुर्चीवर बसून लिंबू सोडा पीत होते. तुला बघताच म्हणाले, "आओ दादा, मख्खन माल आया है. गाडी पीछेसे ठुकी है, आगे का सब कुंवारा." तू ढिगाजवळ उकिडवा बसलास, एकेक तुकडा दोरीला टांगून हातोडीने वाजवत गेलास, मान तिरकी करून. अकरा वाजवलेस आणि एक घेतलास. मी किशनसेठना विचारलं, याचं काही सर्टिफिकेट असतं का? ते इतके हसले की सोडा नाकात गेला. "दीदी, सर्टिफिकेट तो आदमी का भी नहीं होता. तुम्हारे भाई का हाथ है ना, बस." तू माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेस. मला राग आला होता, आणि तितकाच अभिमानही वाटला होता. त्यातला रागच फक्त मी तुला दाखवला.

पिवळा रंग मात्र तू माझ्याकडून उचललास. मला न्यायला कंपनीच्या गेटवर आला होतास, आत मांडलेला माल बघून विचारलंस, हे टिळे कसले. मी सांगितलं: हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे थांबवलेला, अजून निर्णय नाही. पिवळ्यावर कोणाची तरी सही लागते, त्या माणसाने पुन्हा पुन्हा येऊन बघायचं असतं. मग म्हणालास, "मग आमचं सगळं पिवळंच की गं." पुढच्या आठवड्यात तुझ्या फळीवर पिवळ्या रंगाचा छोटा डबा आला. जिवाशी गाठ असणारा कुठलाही जुना पार्ट बसवलास की त्यावर बोटाने एक टिपका लावायचास, गिऱ्हाइकाला वाकवून दाखवायचास आणि सांगायचास: हे जुनं आहे, नवं नाही, महिन्याच्या पहिल्या शनिवारी आणून दाखवायचं, चहा माझा. जो शनिवारी येणार नाही म्हणाला, त्याला तू जुना पार्ट बसवून दिला नाहीस. रबराचं काही जुनं घ्यायचा नाहीस, ब्रेकचे पाइप, पॅड, टायर, काही नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी भांडायचेच.

कारण माझा एक प्रश्न उरायचा आणि तू त्याला उत्तर द्यायचा नाहीस. आमच्याकडे नियम आहे, पिवळ्यावर सही करणारा माणूस नोकरी सोडून गेला, तर तो माल लाल धरायचा. चांगला असला तरी. मी तुला विचारायचे, "आणि तू नसलास तर? या गाड्यांचं काय?" तू म्हणायचास, "मी कुठे जातोय? कात्रपच्या बाहेर कधी गेलोय का मी?" आणि हसायचास. किती वेळा विचारलं असेल मी हे. दर वेळी तू हसलास, दर वेळी मी चिडले, आणि एकदाही आपण दोघांनी बसून त्या गाड्यांची नावं एका कागदावर लिहून काढली नाहीत. दहा मिनिटांचं काम होतं रे. तपासणी हा माझा धंदा, यादी कशी करतात हे मला येतं. पण मला यादी नकोच होती, मला तू चुकतोस हे तुझ्या तोंडून हवं होतं.

माझ्या गाडीला मात्र तू कधी जुना खिळाही लावला नाहीस. एका भाऊबीजेला तू ताटात साडीऐवजी नवे ब्रेकपॅड टाकलेस, लाल कागदात बांधून, वर हळदकुंकू. "सील तूच फोड, इन्स्पेक्टरीणबाई, नंतर तक्रार नको." वहिनी कपाळाला हात लावून बसली. आई असती तर तुझे कान उपटले असते. मी ते खोकं अजून जपून ठेवलंय, त्यात माझ्या बांगड्या असतात.

आता वांगणीच्या व्हॅनचं. बाळूची. वांगणीच्या आतल्या वाडीतून कात्रपच्या शाळेत पोरं आणतो तो. त्याचं डावं पुढचं चाक रस्त्यातल्या मोरीवर आपटलं, आणि चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा जो जाड लोखंडी तुकडा असतो, तुम्ही त्याला नकल म्हणता, तो वाकला. गाडी इतकी जुनी की नवी नकल मिळायला महिने लागणार होते. मी त्या दिवशी गॅरेजमध्ये होते. बाळू या इथेच, दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन. तू उल्हासनगरहून नकल आणलीस, पिवळी केलीस आणि त्याला बजावलंस, "तीन महिने. तोवर दर शनिवारी नाही आलास तर मी वाडीत येऊन चाक काढून नेईन." मी म्हणाले, दादा, पोरं बसतात त्यात. तू पहिल्यांदाच माझ्यावर ओरडलास. "मग काय करू? तो गाडी बंद ठेवणार नाहीये शुभे, तो दुसरीकडे जाऊन बसवून घेईल, आणि तिथे कोण बघणार आहे?"

मी तशीच निघून गेले. नंतर तुझ्या फोनला दोन दिवस उत्तर दिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी तुला जरा बरं वाटत होतं. मी पेज भरवत होते. तू चमचा बाजूला केलास आणि म्हणालास, "वांगणीची व्हॅन. तिचे तीन महिने झाले. शनिवारी येईल. तिला तशी सोडू नको." मी काय म्हणाले, ते तू ऐकलंस. "आधी तुझं सलाईन बघ. मेल्या गाड्या इथेही सोडवत नाहीत तुला." तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप आली. पाचव्या दिवशी, मंगळवारी, तू गेलास. माझ्याशी बोललेलं तुझं शेवटचं वाक्य तेवढं माझ्याजवळ आहे, आणि त्याला मी दिलेलं उत्तर हे असं आहे.

शनिवारी आम्ही कोणीच गॅरेजकडे फिरकलो नाही. संध्याकाळी वहिनी मला म्हणाली, "माणसं आली होती हो सकाळी. मी गच्चीतून बघत होते. सात-आठ गाड्या असतील. सगळे शटरच्या पाया पडले. एकाने कुलपाला हार घातला. बराच वेळ थांबले, मग गेले." तिचे डोळे भरून आले होते, तिला ते किती छान वाटलं होतं. गेले म्हणजे त्याच गाड्या चालवत गेले ना दादा. तुला नमस्कार केला आणि जे दाखवायला आणलं होतं, ते तसंच घेऊन गेले. एकालाही वाटलं नाही की आता हे दुसऱ्या कोणाला तरी दाखवावं. त्यांच्या लेखी पार्ट पास होता, कारण तू लावला होतास.

तुझ्या फोनमध्ये माणसांची नावंच नाहीत. 'जांभूळ पांढरी', 'डॉक्टर जुनी', 'भाजीचा टेम्पो', 'वांगणी व्हॅन'. वांगणी व्हॅनचा नंबर बंद लागत होता. रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि गेले.

वाडीत पोहोचले तेव्हा व्हॅन निघण्याच्या बेतात होती. कोणाची तरी हळद होती. बायका नटूनथटून आत बसलेल्या, मांडीवर पोरं, आणि बाळू काच पुसत होता. मला बघून त्याने फडकं टाकलं, हात जोडले. म्हणाला, "शनवारी आलतो ताई. शटर बंद. पाया पडलो आन् आलो."

मी म्हटलं, बाळू, ही गाडी काढू नकोस. नकल बदलायची आहे, तीन महिने झाले.

"झाले त झाले. दादांनी हात लावलेली गाडी हाय. तिला काय व्हनार नाय."

"अरे, दादानेच सांगितलं होतं तीन महिने."

"ते त ते काळजीनं बोलायचे. नवा अजून भेटत नाय, तवर चालंल." आणि तो हसला, अगदी तुझ्यासारखा. "तुमी दादांपेक्षा जास्त वळखता का ताई?"

मी त्याला नीट समजावून सांगितलं, दादा. लोखंड थकतं, ते सांगितलं. चिरीचं सांगितलं. पिवळ्या खुणेचा अर्थ सांगितला. तो आदराने ऐकत होता, मान हलवत होता, आणि एका हाताने त्याने दरवाजा लावून घेतला. आत कोणीतरी म्हणालं, चल की रे, उशीर होतोय. तो स्टिअरिंगवर बसला. तेव्हा मला कळलं की त्याला अडवायला माझ्याजवळ एकच गोष्ट आहे. त्याचा जो तुझ्यावर भरवसा होता, तो मोडायचा.

मी व्हॅनच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले. "या गाडीच्या चाकाला माझ्या भावाने भंगारातला पार्ट लावलाय. तो चुकला. त्याचं काम भरवशाचं नव्हतं. उतरा सगळ्या."

वीस वर्षांत हे मी घराबाहेर कधी बोलले नव्हते. कंपनीत कोणी विचारलं की गाडी कुठे दाखवू, तर मी तुझंच नाव सांगायचे. आणि आता तुझा दहावाही झालेला नसताना, वाडीच्या मधोमध.

"भंगारातला?" एक बाई बाळूकडे बघून म्हणाली. "आमच्या पोरांना तू भंगाराच्या चाकावर नेतोस व्हय रं?" त्याने त्यांना सांगितलंच नव्हतं. बायका उतरायला लागल्या. खिडकीशी एक म्हातारी होती, केसात अबोली माळलेली, ती सगळ्यात शेवटी उतरली. माझ्याजवळ येऊन थांबली आणि हळूच म्हणाली, "मेलेल्या भावाला अशी नावं ठेवतात का गं बाई? दहावा तरी झाला का त्याचा?" बाळू रिकाम्या व्हॅनमध्ये तसाच बसून होता, हात स्टिअरिंगवर.

परत येताना मी स्वतःला सांगत होते, झालं ते बरं झालं. गाडी थांबली ना. दादाला राग आला असता, पण थांबली ना.

बुधवारी बाळू माझ्या अंबरनाथच्या घरी आला. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत काहीतरी होतं, ते त्याने उंबऱ्यावर ठेवलं. "घ्या. तुमच्या भावाचा भंगार." मी त्याला आत ये म्हटलं. आला नाही. निम्म्या घरांनी पोरं पाठवायची बंद केली म्हणाला. "दादांनी माझ्या पोटाकडं बघितलं व्हतं. तुमी काय बघितलं?"

मी विचारलं, "आता काय बसवलंस रे? नवी मिळाली?"

"नवी अजून दोन महिने नाय. उल्हासनगरनं आणली, तिकडंच एकानं बसवून दिली."

"तपासली त्याने? वाजवून बघितली?"

"नाय." तो जायला वळला, मग थांबून म्हणाला, "पिवळा पन नाय लावलेला. आता तरी कोन भंगार बोलनार नाय."

हे तू मला नकल बसवलीस त्या दिवशी, गॅरेजच्या या दारात सांगितलं होतंस. अगदी याच शब्दांत. तो दुसरीकडे जाईल, आणि तिथे कोण बघणार आहे.

कामावर परत रुजू झाले त्या दिवशी मी ती गोणी घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत, सगळे कँटीनला गेल्यावर, नकल काढली. तुझ्या बोटाची पिवळी खूण तिच्यावर तशीच होती, बोटाच्या रेषा दिसत होत्या. ती सोडून बाकीची मी घासून स्वच्छ केली. आमची तपासणी सोपी असते. लाल द्रव फवारायचा, थांबायचं, पुसून टाकायचा, वरून पांढरा फवारायचा. कुठे केसाएवढी जरी चीर असली तरी तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर फुटून वर येतो. मी तिथे उभी होते आणि मला काय हवं होतं ते मला कळत नव्हतं. रेघ उमटली असती तर मी बरोबर ठरले असते, आणि तू पोरांच्या जिवावर उठला होतास असं ठरलं असतं. नाही उमटली तर?

नाही उमटली, दादा. मी पुन्हा घासून पुन्हा केली. पांढरं ते पांढरंच राहिलं.

मग मी एक केलं, जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. नकल दोरीला टांगली आणि हातोडीने वाजवली. टणकन वाजली आणि बराच वेळ वाजत राहिली. बाद मालाच्या लाल डब्यातला एक चीर पडलेला तुकडा काढून तोही वाजवला. तो नुसता 'ठप' झाला. मलाही ऐकू आलं रे. तिथेच खाली बसले आणि रडले, तू गेल्यावर पहिल्यांदा नीट. कोणी आलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

आता तू म्हणशील, मग मान्य कर. अर्धं करते. या नकलेपुरतं तू बरोबर होतास. पण एक नग चांगला निघाला म्हणून अख्खा माल पास होत नाही, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं आणि ते मी तुझ्यासाठीही मोडणार नाही. बाहेर अजून किती पिवळ्या खुणा फिरतायत? त्यातल्या एकीला आज, या घटकेला, चीर पडत असेल. ते ऐकणारा कान आता नाही. मग मी काय सांगू लोकांना? माझा भाऊ चांगला कारागीर होता म्हणून निर्धास्त राहा? की तो चांगला नव्हता, म्हणून घाबरा आणि तपासा? पहिलं खरं आहे आणि त्याने जीव जाईल. दुसरं खोटं आहे. आणि दुसरं सांगितल्यावर ते तपासून घेत नाहीत, नुसती खूण पुसून टाकतात.

नकल घेऊन मी परत वाडीत गेले. बाळूला म्हटलं, ही चांगली आहे, मी स्वतः तपासली, हीच बसव आणि दर शनिवारी मला दाखव. मी सही करते. तो ओट्यावर बसला होता, उठला नाही. "एकदा भंगार बोलता, एकदा चांगला बोलता. आता मी तुमचं काय धरू ताई?" त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही असंच म्हटलं असतं, याहून वाईट शब्दांत.

किशनसेठकडेही जाऊन आले. तुझं नाव काढताच खुर्चीतून उठून उभे राहिले. दुकानात तुझा फोटो लावलाय त्यांनी, त्यांच्या गुरूंच्या फोटोच्या खाली. मी विचारलं, मागच्या आठवड्यात बाळूच्या व्हॅनसाठी डाव्या बाजूची नकल कोण घेऊन गेलं? "दस जन लेके जाते हैं दीदी. कौन किसमें डालता है, मैं क्या जानूं?" मग म्हणाले, "आपका भाई जितना लेके गया, उससे दस गुना यहीं छोडके गया. वो छोडा हुआ भी कोई ना कोई लेके जाता ही है." हे त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. तू वाजवून टाकून दिलेले तुकडे कोणाच्या तरी गाडीत असतात, हे तुला माहीत होतं का रे? माहीत असणारच. म्हणून तू त्या दिवशी माझ्यावर ओरडलास.

या आठवड्यात मी तुझ्या फोनमधल्या एकूण एक गाडीला फोन केला. शनिवारी गॅरेज उघडणार आहे, मी तपासून देते, चहा माझा. 'जांभूळ पांढरी', म्हणजे जांभूळ गावचे पांढऱ्या गाडीवाले, म्हणाले, बघतो ताई. 'डॉक्टर जुनी' त्यांनी विकून टाकली, कोणाला ते आठवत नाही. 'भाजीचा टेम्पो'वाला म्हणाला, "तुम्हीच ना त्या, भाऊ भंगार लावायचा बोलल्या त्या?" वांगणीहून बदलापूरला बातमी यायला किती वेळ लागतो. दोघांनी सांगितलं, आम्ही दुसरीकडे दाखवलं, सगळं बदलून टाकलं. काय बदललं, कोणी बदललं, विचारलं तर फोन ठेवला. तू ज्यांना वर्षानुवर्षं बांधून ठेवलं होतंस, ते सगळे मी एका सकाळी सोडवून टाकले.

बारा वाजून गेले. मधे एकदा वहिनी चहाचा मोठा थर्मास आणि दहा ग्लास ठेवून गेली, तू सांगायचास तसा. ग्लास पालथेच आहेत. किराणावाले काका दोनदा येऊन "येतील हो" म्हणून गेले. तुझी नकल मी फळीवर ठेवली आहे, पिवळ्या डब्याच्या शेजारी. कंपनीतून हिरवा रंगही आणला होता. सकाळपासून तीन वेळा झाकण उघडलं आणि लावलं. तुला हवा होता तो टिळा मी द्यायला तयार आहे, पण लावायचा कशाला आणि दाखवायचा कोणाला? चाकाला नसलेला पार्ट पास करून काय होणार आहे?

शाळा सुटल्याची घंटा इथपर्यंत ऐकू आली. शनिवारची अर्धी शाळा. मी स्टुलावरून उठून रस्त्यावर येऊन उभी राहिले, तुझी हातोडी हातातच होती. बाळूची पांढरी व्हॅन कोपऱ्यावरून आली. पोरं परत भरायला लागली आहेत त्याच्याकडे, मागची सीट भरलेली दिसली. बदलापूरपर्यंत यायला दुसरं वाहन आहे काय त्यांना? मी हात केला. बाळूने मला बघितलं. त्याने शटर उघडं आहे तेही बघितलं, त्याची मान क्षणभर आत वळली, तू दिसतोस का बघितल्यासारखी. मग समोर बघून तो पुढे गेला.

मागच्या काचेतून पोरांनी मला हात हलवले, त्यांना वाटलं मी त्यांनाच करत होते. मीही हलवला. पण दादा, माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. डावं पुढचं चाक वळणाआड जाईपर्यंत मी फक्त तेवढंच बघत होते.